परसातली पऱ्हाटी

नकाशावर ते गाव गर्द तपकिरी होतं. आमच्या रंगपट्टीत फिकट पिवळा म्हणजे ‘शिल्लक जवळपास नाही’ आणि गर्द तपकिरी म्हणजे ‘भरपूर शिल्लक’. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं, वर्धा नदीपासून फार लांब नसलेलं, दीड-पावणेदोनशे घरांचं गाव. नाव सांगत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनऊला मी त्या तपकिरी ठिपक्याच्या बरोबर मध्ये उभी होते आणि नजर जाईल तिथपर्यंत वखरलेली काळी वावरं होती. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाचं, काडकंसुद्धा दिसत नव्हतं.

मी नागपुरात जीआयएसचं काम करते. कोणी विचारलं तर आई सांगते, ‘कॉम्प्युटरवर नकाशे रंगवते.’ ते तसं फार चुकीचं नाही. त्या वर्षी आमच्याकडे आलेलं काम असं होतं: एका कंपनीला पूर्व विदर्भाच्या आसपास कांडी कोळशाचा कारखाना टाकायचा होता. पऱ्हाटी, तुराटी म्हणजे तुरीच्या काड्या, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, असलं शेतातलं उरलंसुरलं दळून, दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि वीजकेंद्रांना विकायच्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के असलं जैवइंधन जाळायला सांगितलं, तेव्हापासून या धंद्याकडे बऱ्याच जणांचे डोळे लागलेत. कंपनीचे प्रश्न सरळ होते. माल किती, कुठे, आणि कारखाना कोणत्या गावाजवळ टाकावा?

मागणीचं गणित तर पाटीवर होण्यासारखं. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. युनिटमागे सातशे ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे दिवसाला आठ हजार चारशे टन. त्याचे पाच टक्के म्हणजे चारशे वीस टन कांड्या. रोज. एका संचाला. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा ही तिन्ही केंद्रं नागपूरच्या अंगणात. हे ठिपके नकाशावर टाकले की पुढचं सगळं जग त्यांच्याकडे ओढलं जातंय असंच दिसायला लागतं.

पुरवठ्याची बाजू जास्त किचकट, आणि खरं सांगायचं तर मला तीच आवडते. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, आणि त्यातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो. पण कपाशी वाढते पावसाळ्यात, तेव्हा वर नुसते ढग. मग ढगांतून आरपार पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार प्रतिमा घ्यायची आणि दोन्ही जुळवायच्या. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत कापून जातं, कपाशी त्यानंतरही हिरवी असते, म्हणून ती वेगळी काढता येते. घोळ होतो तो तुरीचा. आमच्याकडे कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे एक ओळ तुरीची, आणि दहा मीटरच्या चौकोनाला ती ओळ वेगळी दिसत नाही. त्यावर तोडगा म्हणून ई-पीक पाहणीतली, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद पडताळायला घेतली. तिथे दुसरीच गंमत. तालुक्याचं नाव एका यादीत ‘केळापूर’ आणि दुसऱ्या यादीत ‘पांढरकवडा’, त्यामुळे अख्खा तालुका नकाशातून गळाला. कळंब मात्र दोनदा आलं, कारण कळंब नावाचा तालुका धाराशिवमध्येही आहे. या एका नावापायी माझे दोन दिवस गेले.

कपाशीचं क्षेत्र कळलं की पुढची पायरी गुणाकाराची. कापसाचं उत्पादन घ्यायचं, त्याला एका गुणोत्तराने गुणायचं, पऱ्हाटीचं वजन मिळतं. अहवालांमध्ये कापसासाठी तीनच्या आसपासचं गुणोत्तर सर्रास वापरतात. आम्हीही तेच वापरलं. हेक्टरी दहा क्विंटल कापूस, तर तीस क्विंटल पऱ्हाटी. त्यातून गोळा करतानाची घट वीस टक्के वजा. मग स्थानिक मागणी वजा: वीटभट्ट्या, बॉयलर, हॉटेलांच्या भट्ट्या. आणि घरगुती चूल? गावागावांतल्या गॅस जोडण्यांची यादी हाताशी होती. जोडण्या जवळजवळ घर तिथे होत्या. म्हणून घरगुती वापराच्या रकान्यात मी अगदी किरकोळ आकडा टाकला आणि पुढे गेले. मीच टाकला. वरून कोणी सांगितलं नव्हतं.

जे उरलं त्याला नाव दिलं ‘शिल्लक’. नकाशा देखणा झाला होता.

तर त्या सकाळी मी, आमचे ड्रायव्हरकाका आणि एक शिकाऊ मुलगा असे तिघे पडताळणीला गेलो होतो. मुलाच्या हातात टॅब, त्यावर आमचा नकाशा, आणि त्यावर आमचा निळा ठिपका तपकिरीत लुकलुकतोय.

“मॅडम, जीपीएस बिघडलं असेल,” तो म्हणाला.

जीपीएस ठणठणीत होतं. पानटपरीवर चौकशी केली. पन्नाशीतले एक शेतकरी दादा खर्रा घोटून घेत होते.

“पऱ्हाटी? ते तं गेली ना बाप्पा. ज्यानं उपटली त्यानं नेली.”

“विकली?”

“कायची विकता? त्यानं वावर मोकळं करून देल्लं, मंग पैसे कोनी कोनाले द्याचे?”

मला कळायला जरा वेळ लागला. ड्रायव्हरकाका मूळचे आर्वीचे, त्यांनी फोड करून सांगितलं. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटावी लागते. चिमट्यात खोड धरायचं, कंबरेतून जोर द्यायचा, मुळासकट ओढायचं. एकराला दोन-तीन माणसांचा दिवस जातो. ती मजुरी शेतकरी रोख देत नाही. उपटणारा पऱ्हाटी घेऊन जातो, तीच त्याची मजुरी. बहुतेक वेळा तो भूमिहीन असतो, किंवा त्याच शेतात वर्षभर निंदण-वेचणी केलेल्या बायका असतात. म्हणजे माझ्या नकाशात ‘शून्य किमतीचा शेतीतला कचरा’ म्हणून जे मांडलं होतं, तो कुणाचा तरी रोज होता.

“आन् ज्यायच्याकडं ट्रॅक्टर हाय,” दादांनी पुढे सांगितलं, “ते मशीननं बारीक करते आन् वावरातच गाडते. अळी राह्यत नाई म्हनते.”

अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ मध्ये तिने विदर्भातल्या कपाशीचं जे केलं त्यानंतर कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड ठेवू नका, वेळेत पऱ्हाटी काढा. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवणं. आळशी शेतकरी फरदड घेतो असं शहरात बसून म्हणायला सोपं आहे. मार्चमध्ये हातात दोन क्विंटल जास्त येत असतील तर मीही ठेवली असती.

गावाच्या खालच्या अंगाला एका धुऱ्यापलीकडे उभी पऱ्हाटी सापडली. मालकाची परवानगी घेऊन पाच मीटर बाय पाच मीटरची चौकट सुतळीने आखली. आतली झाडं मोजली, सेहेचाळीस. उपटली, माती झटकली, मोळी बांधून काट्याला टांगली. साडेपाच किलो. हेक्टरी बावीस क्विंटल. आमचा हिशेब तीसचा होता. पण मला खटकली ती दुसरी गोष्ट. त्या वावरात बोंडअळीने निम्मा कापूस खाल्ला होता. झाडांवर कवडी झालेली, म्हणजे नीट न उमलता कडक झालेली बोंडं तशीच लटकत होती. कापूस कमी म्हणून आमच्या गुणाकारात पऱ्हाटीही कमी येणार होती, आणि इथे तर झाडं माझ्या खांद्याला लागत होती. बोंडं सडली म्हणून खोड काही बारीक होत नाही. म्हणजे गुणोत्तर एका वावरात जास्त सांगणार, दुसऱ्यात कमी, आणि नेमकं वाईट वर्षी फसणार. कापसाच्या वजनावरून पऱ्हाटी मोजण्यापेक्षा सरळ क्षेत्रावरून मोजायला हवी होती. हे मला ऑफिसात सुचायला काय हरकत होती, कोण जाणे. हाताला कवडीचे काटे टोचल्यावर सुचलं.

दुपारी ऊन चढल्यावर पाणी मागायला एका घरी गेलो. सारवलेली ओसरी, आत धूर. सत्तरीच्या आजी तुरी निवडत होत्या.

“ये वं माय, बस. पानी घे.”

मी मागच्या दारी हात धुवायला गेले आणि तिथेच थांबले. परसात, भिंतीला लावून, रचलेली पऱ्हाटी. नीट रचलेली, मुळं एका बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला, वर जुनी ताडपत्री. शेजारच्या परसात तशीच. त्याच्या पलीकडे तशीच. सकाळपासून मी जी पऱ्हाटी वावरात शोधत होते ती अख्खी गावात येऊन बसली होती.

टेप काढला. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट उंच. सैल रचलेली असते म्हणून घनमीटरला शंभर किलोच्या आतच धरावी लागते, तरी नऊ-दहा क्विंटल होते.

“ही किती दिवस पुरते आजी?”

“मिरगावरी. पावसाळ्याची येगळी, कोठ्यात हाय.”

सून चुलीपाशी बसली होती. चुलीच्या एका बाजूला तुराटीची पेंढी, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी मोडून ठेवलेली. ती मला दोन्ही का लागतात ते सांगत होती, जशी मी स्वयंपाक शिकायलाच आलेय.

“तुराटीनं इस्तो झटकन पेटते. पऱ्हाटी मांगून लावा लागते ताई. तिचा निखारा राह्यते, भाकर चांगली शेकते.”

उष्मांकाचे तक्ते मी पाठ केले होते. कोरडी पऱ्हाटी किलोला चार हजार किलोकॅलरीच्या आसपास, आपल्याकडच्या साध्या कोळशाच्या तोडीस तोड. पण कोणतं आधी पेटतं आणि कोणाचा निखारा टिकतो, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

कोपऱ्यात सिलिंडर होता. लाल, स्वच्छ पुसलेला, वर क्रोशाचं झाकण.

“गॅस आहे ना तुमच्याकडे?”

“हाय नं,” आजी बाहेरूनच म्हणाल्या. “पावना आला का त्याच्यावर चहा. पोट्ट्याले शाळेची घाई असली का त्याच्यावर. दोन वक्ताच्या भाकरी त्याच्यावर केल्या तं महिन्याले पुरन का? आन् भरून आनाले राळेगावले जा लागते.”

माझ्या यादीत या घरापुढे एक जोडणी होती, आणि त्या जोडणीच्या भरवशावर मी ही चूल विझवली होती. त्यानंतर गावात फिरून आणखी बावीस घरं पाहिली. गॅस नसलेलं एक. चूल नसलेली दोन: एक मास्तरांचं आणि एक किराणा दुकानदाराचं.

निघताना आजींनी विचारलं, “हे मोजून काय करता?”

मी जमेल तसं सांगितलं. कारखाना, कांड्या, चंद्रपूर, वीज.

“अस्सं,” त्या म्हणाल्या. तुरीतला खडा काढून बाजूला ठेवला. “मंग तुमी लोकं पऱ्हाटी न्यासान, तं आमाले काय देसान?”

याचं उत्तर द्यायला मी आले नव्हते. मी हसले, ड्रायव्हरकाका हसले, आजी हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर पऱ्हाटीने लादलेली एक ट्रॉली दिसली, एवढी उंच की वरच्या तारांना लागेल की काय वाटावं. वीटभट्टीवर चालली होती. मी ट्रॉलीवाल्याला विनंती केली, चहापाण्याचं दिलं आणि रस्त्यातल्या वजनकाट्यावर ती घालायला लावली. निव्वळ माल अकरा क्विंटल. दिवसाला पन्नास टनांचा कारखाना काढायचा तर असल्या पंचेचाळीस ट्रॉल्या रोज दारात यायला हव्यात, आणि पऱ्हाटी निघते जानेवारी ते मार्च. उरलेले नऊ महिने ती कुठेतरी रचून ठेवायची, वाळवीपासून, पावसापासून, विडीच्या ठिणगीपासून जपून. साखर कारखान्यात काम करणारा माझा एक कोल्हापूरचा मित्र आहे. त्याच्याकडे बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, उसाबरोबर स्वतःच्या पायाने गव्हाणीत येतं. आमच्याकडे प्रत्येक काडी वेगळी आणायची.

त्या रात्री झोप येईना म्हणून गावाचा हिशेब पुन्हा मांडला. कपाशी दोनशे ऐंशी हेक्टर. आमच्या नकाशाप्रमाणे आठशे चाळीस टन पऱ्हाटी, घट जाऊन पावणेसातशेच्या जवळपास शिल्लक. आता हेक्टरी बावीस क्विंटलने सहाशे सोळा. त्यातला तिसरा हिस्सा मशीनने वावरातच बारीक होतो, उरली चारशे अकरा. घट जाऊन तीनशे एकोणतीस. चुली पेटणारी घरं एकशे चाळीस, घरामागे वर्षाला दोन टन, म्हणजे दोनशे ऐंशी. बाकी राहिले पन्नासच्या आत. अख्ख्या गावाची वर्षाची शिल्लक कारखान्याला एक दिवस पुरली नसती.

आमच्या सरांनी ऐकून घेतलं. ते मुळात सिंचन खात्यात होते, शेतात फिरलेले आहेत, त्यामुळे ‘असं कसं’ वगैरे म्हणाले नाहीत. पण त्यांचा प्रश्न रास्त होता.

“गॅस जोडणीचा आकडा सरकारी आहे. तो खोडायचा तर त्याच्या जागी काय घालणार? तुझ्या एका आजीचा ढीग?”

सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात घरोघरी टेप घेऊन फिरणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी नुसती चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी त्या गावाची बारीक प्रतिमा उघडली, सेंटिनेलची नाही, ती दुसरी, जिच्यात घरावरचे पत्रे मोजता येतात. प्रतिमा आदल्या वर्षीच्या एप्रिलमधली होती. मी मोठी करत गेले. आजींचं घर ओळखलं, समोरच्या कडुनिंबावरून. घरामागे एक करडा-तपकिरी लांबट ठोकळा, बाजूला त्याची सावली. शेजारी तसाच. त्याच्या पलीकडे तसाच.

ती प्रतिमा मी त्याआधी निदान पन्नास वेळा उघडली असेल. रस्ते काढायला, घरं मोजायला, कारखान्याला ट्रक वळतो का ते बघायला. ढीग तिथेच होते.

मग दहा दिवस मी आणि तो शिकाऊ मुलगा ढीग टिपत बसलो. प्रत्येक तालुक्यातली पाच गावं, तीही मार्च ते मे मधली प्रतिमा असलेलीच, कारण दिवाळीत काढलेल्या प्रतिमेत परस रिकामं असतं. ढिगाची लांबी-रुंदी प्रतिमेवरून, उंची सावलीवरून, वजन आम्ही टेपने मोजलेल्या ढिगांच्या प्रमाणात. वणीकडच्या गावांत ढीग कमी दिसले. आधी वाटलं प्रतिमाच चुकली. मग ड्रायव्हरकाकांनी आठवण दिली की तिकडे कोळशाच्या खाणी आहेत, चुलीत दगडी कोळसा जातो. नदीचंही तेव्हाच लक्षात आलं. आधीच्या नकाशात आम्ही कारखान्याभोवती पन्नास किलोमीटरचं गोल वर्तुळ काढलं होतं आणि वर्धेपलीकडचं हिंगणघाटकडचं सगळं त्यात हक्काने धरलं होतं. ट्रॉली पुलावरूनच जाते. रस्त्याने मोजल्यावर ते वर्तुळ चावलेल्या भाकरीसारखं झालं.

नव्या नकाशात राळेगावचं ते गाव फिकट पिवळं झालं. तपकिरी रंग सरकला बाभूळगावकडे, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याखालच्या गावांत. तिथे गव्हा-हरभऱ्यासाठी वावर डिसेंबरातच मोकळं करायची घाई, हाताने उपटायला कोणी थांबत नाही, सरळ मशीन फिरते. कारखान्याला मिळण्यासारखी पऱ्हाटी असलीच तर ही, जिच्यावर कोणाची भाकरी शिजत नाही. अर्थात ती मातीत गेलेलीच बरी असं म्हणणारे कृषी शास्त्रज्ञ आहेत आणि काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब पाहता त्यांचं म्हणणं मला पटतं. अहवालात मी तेही लिहिलं. सरांनी ते शेवटच्या पानावरून दुसऱ्या पानावर आणलं, एवढंच सांगते.

कंपनीने कारखाना लहान करायचं ठरवलं. दिवसाला पंधरा टन, तेही पऱ्हाटीबरोबर कुटार मिळालं तर. ‘शिल्लक’ या शब्दावर त्यांच्या माणसाशी माझी अर्धा तास हुज्जत झाली. मला रकान्याचं नाव ‘मालक नसलेली पऱ्हाटी’ असं हवं होतं. त्याला ते कागदावर बरं दिसेना.

अहवाल देण्याआधी एकदा शेवटची पडताळणी म्हणून आजींच्या सुनेला फोन लावला. नंबर तिनेच दिला होता. प्रतिमेत त्यांच्या परसात दोन ठोकळे दिसत होते, एक मोठा भिंतीला लागून, एक लहान गोलसर, विहिरीकडे. दोन्ही मी पऱ्हाटी म्हणून टिपले होते.

“ताई, मोठा तो पऱ्हाटीचाच,” ती म्हणाली. “लहान कोन्ता?”

“विहिरीकडचा. गोल.”

पलीकडे आधी शांतता, मग हसू, मग आजींना काहीतरी ओरडून सांगितल्याचा आवाज.

“ताई, ते पऱ्हाटी नोहे. गोवऱ्या होत त्या. पावसाच्या आंधी लिपून ठेवतो.”

मी फोन ठेवला आणि सगळ्या ऐंशी गावांतले गोल ढीग शोधायला बसले.